नागार्जुनसागराच्या पाण्यावर

हैदराबादेस हिमायतनगरात आमचा मुक्काम पडला की तेथील मराठी कुटुंबे आम्हांस कोठे ना कोठे नेतातच. या खेपेस आम्हांस वाटले, हिमायतसागर दाखवतील. मौज अशी की, नावे जुळली तरी तो तलाव हिमायतनगरापासून पुष्कळ दूर आहे. १९०८ साली मुसी नदीस महापूर आला. पुढे पूर आवरावा व शहरास पाणी मिळावे म्हणून तो बांधण्यात आला. पण यजमानांनी बेत केला होता नागार्जुनसागराचा.

पहाटे निघालो. सुमारे दीडशे किलोमीटरांची वाट. नल्लमलाच्या डोंगरांत कृष्णा अडवली आहे. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली व १९६७ साली कालव्यांत पाणी सुटले. धरणाचा मुख्य भाग दगडी. हजारो मजुरांच्या हातांनी तो रचला गेला. सव्वीस दरवाजे आहेत. पायथ्याच्या वीजगृहात आठ यंत्रे असून त्यांपैकी सात उलटीही फिरतात. वीज शिल्लक असेल तेव्हा तीच यंत्रे खालचे पाणी पुन्हा वर चढवतात! ही युक्ती ऐकून आमच्यासोबतची मुले आम्हांपेक्षा अधिक हरखली.

मग लाँचेत बसलो. कोयनेच्या शिवसागरावर तापोळ्यास नावेतून फिरलेल्या वाचकांस या पाण्याचा हिरवा निवांतपणा सांगावयास नको. मुले गात होती, डबे उघडले होते. या पाण्याखाली इक्ष्वाकू राजांची विजयपुरी आहे. बुडण्यापूर्वी १९५४ पासून सहा वर्षे तेथे उत्खनन झाले. निवडक वास्तू दगडादगडाने उचलून नागार्जुनकोंड्याच्या माथ्यावर पुन्हा रचल्या. तो माथा आता बेट झाला असून तेथे संग्रहालयही आहे. काम मोठे निगुतीचे, यात संशय नाही. परंतु त्याच खोऱ्यात नांदती गावेही होती. ती काही कोणी जशीच्या तशी उचलून माथ्यावर ठेवली नाहीत.

आमच्या बाकावर सत्तरी ओलांडलेले एक तेलुगू शेतकरी नातवंडांसह बसले होते. लाँच मध्यावर येताच त्यांनी वाकून वहाणा काढल्या आणि बाजूस ठेवल्या. आम्हांस नवल वाटले. यजमानांनी त्यांच्या भाषेत कारण विचारले. म्हातारबुवा हसले. म्हणाले, "आमचे खळे इथेच कुठेतरी खाली आहे. खळ्यावर पायताण घालून कसे जायचे?"

मुलांचे गाणे थांबले. बेटाचा धक्का लागला तेव्हा त्यांनी वहाणा घातल्या आणि नातवाचा हात धरून ते उतरले.