पाणी फोडणारे गाव

मुलगा ऑस्लोला नोकरीस. "बाबा, काय पाहायचंय?" असे त्याने विचारले, तेव्हा मी म्हटले, "ऱ्युकान." तो चकितच झाला!

त्याचे असे झाले. तीस वर्षे मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले. पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन काढायचा, तर पुस्तकात कांड्या प्लॅटिनमच्या. आमच्या शाळेला प्लॅटिनम कुठले परवडणार? मी टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या वापरीत असे. एकदा एका पोराने विचारले, "सर, स्वस्तातल्या कांड्यांवर कारखाना चालेल का?" मी त्याला दरडावून खाली बसवले. उत्तर मला ठाऊक नव्हते, हे खरे कारण!

ऱ्युकान डोंगरांच्या बेचक्यात दडलेले. हिवाळ्याचे पाच-सहा महिने गावात ऊन म्हणून उतरत नाही. २०१३ साली डोंगरावर आरसे बसवले, तेव्हापासून चौकात एवढासा कवडसा पडतो. त्या कवडशात आम्हीही उभे राहिलो.

पुलावरून दरी ओलांडली की वेमॉर्कचे १९११ चे वीजगृह. आता तिथे संग्रहालय आहे. त्याच्यापुढेच हायड्रोजनचा कारखाना होता. धबधब्याच्या विजेवर पाणी फोडायचे आणि त्या हायड्रोजनपासून खत करायचे. इथल्याच जड पाण्यासाठी १९४३ साली नॉर्वेच्या वीरांनी तळघरात सुरुंग लावला. १९७७ साली कारखाना पाडला. तळघर तेवढे उरले.

"कांड्या कसल्या होत्या?" मी तिथल्या बाईंना विचारले.

"लोखंडाच्या पत्र्यांवर निकेलचा मुलामा," त्या सहज म्हणाल्या.

मी थक्क झालो. म्हणजे त्या पोराचे बरोबर होते! पाण्यात अल्कली मिसळली की निकेल-लोखंडावर काम भागते. आम्लधर्मी पडद्याच्या नव्या यंत्रांना मात्र इरिडियम लागते, आणि ते साऱ्या जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघते. म्हणून आज शास्त्रज्ञ पुन्हा निकेल-लोखंडाकडेच वळले आहेत. पाणी फोडायला निदान १.२३ व्होल्ट हवेतच. वर जी वीज वाया जाते, ती वाचवणे हे या उत्प्रेरकांचे काम.

मग असे कारखाने बसले का? पत्रे स्वस्त होते. पण नैसर्गिक वायूपासूनचा हायड्रोजन त्याहून स्वस्त पडू लागला. आपल्या नंगललाही भाक्राच्या विजेवर १९६१ पासून असेच खत होई; तिथेही पुढे ही रीत मागे पडली.

परतताना चौकातला कवडसा सरकला होता. तो पोरगा आता कुठे असेल कोण जाणे! भेटला तर एवढेच सांगेन, "बाळ, ऊठ. तुझा प्रश्न बरोबर होता."