शाई खेळवायची कशी

छापलेला कागद हातात आला की मी तो आधी वाचत नाही, शिरोरेषा बघतो. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सारखी काळी आहे ना, मध्येच फिकी पडली नाही ना, एवढं पाहिलं की छापणाऱ्याचा हात कळतो. खिळ्यांच्या जुळणीत शिरोरेषा अखंड नसतेच. प्रत्येक खिळ्यावर तिचा एक तुकडा असतो आणि शेजारच्या तुकड्याला टेकून त्याची रेघ झालेली असते. शाई कमी पडली की सांधे उघडे पडतात. जास्त झाली की ‘म’ची गाठ बुजते, अनुस्वार फुगतो, रफार मात्रेला चिकटतो. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांत शाईचा थोडा चढउतार खपून जातो. देवनागरीत तो खपत नाही. म्हणूनच शाई देण्याच्या यंत्रणेचं मोल आम्हा देवनागरी छापणाऱ्यांना अंमळ जास्त कळतं, असं मला वाटतं.

मुद्रणाचा इतिहास लिहिणारे खिळ्यांवर भरभरून लिहितात, वाफेच्या यंत्रांवर लिहितात. शाई पसरवण्याबद्दल दोन ओळी असल्या तर असतात. वास्तविक गुटेनबर्गनंतर साडेतीनशे वर्षं छपाईचा वेग अडून राहिला, त्याचं एक मोठं कारण हेच होतं. शाई लावायला माणसाचे दोन हात लागत. दोन्ही हातांत लाकडी मुठीचे चामड्याचे गोळे, आत लोकर किंवा घोड्याचे केस ठासून भरलेले. शाईत बुडवायचे, एकमेकांवर घासून शाई सारखी करायची आणि मग खिळ्यांवर थापत जायचं. एक जण थापणारा, दुसरा दांडा ओढणारा. चामडं मऊ राहावं म्हणून ते रात्री मुतात भिजवून ठेवत. एवढं करून तासाला फार तर अडीचशे कागद निघायचे. १५५६ साली गोव्याला सेंट पॉल कॉलेजात आपल्या देशातला पहिला छापखाना आला, त्याच्यासोबतही हेच गोळे असणार. युरोपच्या छापखान्यांत दुसरं साधन तेव्हा नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, तेसुद्धा याच थापटण्यावर.

गोळ्याऐवजी रूळ फिरवावा, ही कल्पना सुचायला अवघड नव्हती. लंडनच्या विल्यम निकल्सनने १७९० मध्येच तसं पेटंट घेतलं होतं. अडचण कातड्याची होती. रुळाला कातडं गुंडाळलं की कुठेतरी शिवण येणारच, आणि ती शिवण प्रत्येक फेरीला खिळ्यांवर आपली रेघ उमटवणार. २९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनचा ‘टाइम्स’ वाफेच्या यंत्रावर छापून निघाला, तासाला अकराशे कागद. फ्रीडरिख कोनिग आणि आंद्रेआस बाउअर या जर्मन जोडीचं ते यंत्र. लोकांना वाफेचं नवल वाटलं. मला त्या यंत्रात शाईला हात लावावा लागत नव्हता, याचं जास्त वाटतं. हातांनी थापून अकराशेचा वेग गाठणं कुणालाही शक्य नव्हतं.

शिवणीचं कोडं मात्र सरसाने सोडवलं. ब्रायन डाँकिन आणि रिचर्ड बेकन यांनी १८१३ मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र काही चाललं नाही, पण त्यातले सरस आणि काकवीचे ओतीव रूळ टिकले. मऊ, चिकट, लवचिक आणि सांधा नसलेले. पुढची शंभराहून जास्त वर्षं जगभरचे छापखाने या मिश्रणावर चालले, आणि आपल्याकडे रबराचे रोलर रुळेपर्यंत आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या छापखान्यांतही तेच होते.

हे रोलर ओतताना मी पाहिले आहेत, पुढे स्वतः ओतले आहेत. सरसाच्या वड्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी त्या निथळून, पातेल्यात पातेलं ठेवून, खालच्या उकळत्या पाण्याच्या आचेवर वितळवायच्या. सरस थेट आचेवर चढवला की करपतो आणि त्याचा ताव जातो. तो विरघळला की गूळ किंवा काकवी, नंतरच्या काळात थोडं ग्लिसरीन, आणि ढवळत राहायचं ते एकाच दिशेने, संथपणे, फेस येऊ न देता. साच्याची नळी आतून तेलाचा हात फिरवून उभी केलेली, मधोमध लोखंडी गज. मिश्रण नळीच्या एका कडेने बारीक धारेने सोडायचं, म्हणजे हवा दुसरीकडून निघून जाते. घाई केली की बुडबुडा राहतो, आणि बुडबुड्याचा खड्डा म्हणजे छपाईत कायमचा पांढरा ठिपका. रात्रभर थंड होऊ द्यायचं. सकाळी गज ओढला की तपकिरी, चकचकीत रोलर बाहेर येतो. तो लगेच मशीनवर चढवायचा नाही. काही दिवस उभा टांगून मुरू द्यायचा. तयार झाला का, हे तळव्याने बघायचं: हात किंचित धरला पाहिजे आणि ओढ न देता सुटला पाहिजे.

या रोलरला ऋतू कळत. पावसाळ्यात तो हवेतली ओल पिऊन फुगायचा आणि बुळबुळीत व्हायचा, मग शाई धरायचा नाही. वैशाखात टोकाकडून पाघळायचा. थंडीत आकसून कडक व्हायचा. म्हणून सरसाचं आणि गुळाचं प्रमाण हवा बघून बदलावं लागे. धुवायचा रॉकेलने, पाणी लावायचं नाही. उंदीर आणि मुंग्या यांच्यापासून जपायचा, कारण त्यांच्या लेखी तो खाऊच होता. झिजला की फेकायचा नाही. तुकडे करून, वितळवून, थोडा नवा सरस घालून पुन्हा ओतायचा.

रोलर चांगला असला म्हणजे शाई सारखी लागते असं नाही, आणि इथेच या यंत्रांतली खरी बुद्धिमत्ता दिसते. नुसता गोल फिरणारा रोलर शाई पुढे नेतो, बाजूला सरकवत नाही. जिथे जाड तिथे जाडच नेतो. शिवाय त्याच्यावर आधीच्या छाप्याची खूण राहते. मजकुरात वर मोठा काळा ठोकळा असेल तर तिथली शाई उतरून रोलरवर तेवढा भाग ओका होतो, आणि पुढच्या फेरीत तो ओकेपणा खाली भलत्याच ठिकाणी भुतासारखा उमटतो. यावर इलाज एकच: शाईला आडवी हालचाल द्यायची. इंग्लंडच्या एडवर्ड कूपरने १८१८ च्या पेटंटात सपाट टेबलावर शाई पसरवायची सोय केली. अशा टेबलावर पुढे रोलर किंचित तिरके बसवत. तिरपा असल्यामुळे टेबल पुढेमागे सरकताना रोलर फिरतोही आणि बाजूलाही घसरतो. जुन्या सिलिंडर मशीनवर हे तिरके रोलर चालताना मी तासन् तास पाहिले आहेत. त्यांना वेगळा दट्ट्या नाही, साखळी नाही. सगळं काम त्या तिरपेपणाचं.

आमच्या पोटापाण्याचं मशीन मात्र ट्रेडल. न्यूयॉर्कच्या जॉर्ज फिनीस गॉर्डनने १८५१ पासून या घराण्याची पेटंटं घेतली. बेंजामिन फ्रँकलिनने स्वप्नात येऊन ही रचना सांगितली असं तो म्हणे, आणि मशीनला त्याने नावही फ्रँकलिनचंच दिलं. ट्रेडलच्या माथ्यावर लोखंडी तबकडी असते. सुरीने तिच्यावर चिमूटभर शाई लावायची. रोलर खालून वर येतात, तबकडीवरून जातात, परत खिळ्यांवर उतरतात. दर छाप्याला खालचा एक खटका दात्यात अडकतो आणि तबकडी थोडीशीच फिरते. एवढ्याशा फिरण्यात सगळं आलं. रोलर वर येतो तेव्हा त्याच्यासमोर तबकडीची वेगळी जागा असते. मघाचा ओकेपणा भरून निघतो, जाड ठिकाणची शाई पातळ ठिकाणी जाते. काही ट्रेडलांत मधली तबकडी एकीकडे आणि भोवतीचं कडं उलट दिशेने फिरतं, कारण एकच तबकडी असली की शाईची गोल वलयं साचतात. खटक्याची स्प्रिंग सैल पडून तबकडी फिरायची थांबली तर नवशिक्याच्या लक्षात यायला शंभर कागद जातात. मुरलेला मशीनमन पाचव्या-सहाव्या कागदाला पाय थांबवतो.

शाई बरोबर आहे की नाही हे डोळ्यांआधी कानाला कळतं. रोलर तबकडीवरून जाताना तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसा बारीक चुरचुर आवाज येतो. तो ओला, पचपचीत झाला की शाई जास्त झाली. आवाजच नसला तर तबकडी सुकली.

ऑफसेटमध्येही तत्त्व बदललेलं नाही, फक्त रोलर वाढले. एका रंगाच्या युनिटमध्ये वीसच्या आसपास रोलर असतात. प्रत्येक दोघांच्या भेटीत शाईचा थर जवळपास निम्मा-निम्मा वाटला जातो आणि त्यातले काही रोलर फिरताना डावी-उजवीकडे सरकतात. कागदावर शेवटी उतरतो तो थर एक-दोन मायक्रॉनचा. कुठे किती शाई सोडायची ते ठरवणाऱ्या चाव्या आता संगणकावरून फिरतात. काम सुबक होतं, यात शंका नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

तक्रार आहे ती एकच. ट्रेडल मशिनं किलोच्या भावाने भंगारात गेली, ते समजू शकतो. जागा अडते, पोट भरत नाही. पण ती चालवणाऱ्यांना जे ठाऊक होतं ते कुणी टिपून ठेवलं नाही. कोणत्या महिन्यात सरस किती, रोलर किती दिवस टांगायचा, कोणत्या कागदाला शाई किती पातळ करायची, हे आपल्या भाषेत मला एकत्र लिहिलेलं मिळालेलं नाही. तुमच्या गावात, पेठेत असा एखादा म्हातारा मशीनमन अजून असेल तर त्याच्याकडे जा, वही घेऊन बसा आणि त्याने रोलर कसे ओतले ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. हे काम पुढच्या दहा वर्षांत झालं तरच होईल.