साडेचार व्होल्टांचे शून्य

मोठ्याने बोलणारी माणसे मला कधीच आवडली नाहीत. आणि गेली दोन वर्षे मी स्वतःच घरात ओरडत होतो! आईला ऐकू येईनासे झाले होते. पण श्रवणयंत्र म्हणजे म्हातारपणाची पाटी, असे तिचे ठाम मत. तेव्हा साधी विचारपूसही मी तार सप्तकात करी, आणि ती कावरीबावरी होऊन विचारी, "रागावलास का रे?"

यंदा दिवाळीच्या तोंडावर मी माळ्यावरचे डबडे खाली काढले. जुन्या टेपरेकॉर्डरचा माईक, अ‍ॅम्प्लिफायरची एक आयसी, हेडफोन आणि नऊ व्होल्टांची बॅटरी, एवढ्या भांडवलावर यंत्र उभे केले. हेडफोन आईच्या कानांवर चढवला आणि हळूच म्हणालो, "आई, चहा घेतेस?"

ती दचकलीच. "अरे, केवढा खेकसतोस!"

आवाज पोहोचला होता. पण घोगरा, फाटका. मी तो वाढवला, तसा फाटकेपणाही वाढला. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या चूक उमगली. आवाज म्हणजे झोपाळा. माईकमधून येणारा इवलासा विद्युतदाब शून्याच्या एकदा वर जातो, एकदा खाली. माझ्या आयसीला मात्र शून्य ते नऊ एवढेच अंगण. शून्याखाली तिला पाऊल टाकता येत नव्हते. मी झोपाळा भिंतीला चिकटवून टांगला होता! पुढचा झोका मिळे, मागचा भिंतीवर आपटे. अर्धा आवाज तिथेच नाहीसा होई.

दुसऱ्या दिवशी दोन सारखे रेझिस्टर घेऊन नऊ व्होल्टांची निम्मी वाटणी केली. मधल्या जागी साडेचार व्होल्ट मिळाले. ती जागा डळमळू नये म्हणून तिथे एक कपॅसिटर जोडला, आणि माईकचा आवाज दुसऱ्या कपॅसिटरमधून आणून त्या साडेचारांवर बसवला. हा कपॅसिटर मोठा शहाणा द्वारपाल. झोके तेवढे आत सोडतो, स्थिर दाब अडवतो. आयसीने झोक्यांबरोबर साडेचारांनाही मोठे करू नये म्हणून एक तिच्या परतीच्या वाटेवर ठेवला, आणि एक हेडफोनच्या दाराशी. आता साडेचार हेच झोक्याचे शून्य. पुढे जागा, मागेही जागा.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून आम्ही फराळाला बसलो. आईच्या कानांवर हेडफोन होता. माईक हातात धरून मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "चकली छान झालीय हं, आई."

तिचा घास हातातच राहिला.

"इतकं हळू बोलतोस होय रे तू?" ती म्हणाली. "मला वाटलं, हल्ली तुझा आवाजच तसा झालाय."

दोन वर्षे मी नुसता आवाज चढवत होतो. मला पुढे काही बोलवेना.

"थांबलास का?" आई म्हणाली. "बोल की. ऐकतेय मी."