खुर्चीवर कोण बसणार?

नोकरी कारकुनाची आणि ओढ समाजकार्याची, त्यामुळे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आमचे जाणे-येणे असते. तिथल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर वारली चित्रे रंगवलेली दिसतात. याच कलेसाठी डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवर वारल्यांना असा मान आहे. पण आम्ही पाहिलेल्या शाळांत गुरुजींच्या खुर्चीवर वारली माणूस क्वचितच दिसला.

पहिलीतले मूल घरी वारली बोलते. शाळेत एकदम पुस्तकी मराठी कानावर पडते. ते गप्प बसते आणि गुरुजी म्हणतात, "याचे डोके चालत नाही." डोके चालते हो! अडते ती भाषा.

हे दुखणे जुने आहे. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात सांगितले होते की, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम करताना शाळाच पाड्यावर नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. त्या दोघी बाहेरच्या होत्या, तरी मुलांपर्यंत चालत गेल्या.

आता एक नाजूक गोष्ट. विदर्भ-मराठवाड्यातून आपल्या समाजाची मुले शिक्षक होऊन इकडे येतात. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण स्थानिक आदिवासी शिक्षक हवेत असे कोणी म्हटले, की आपल्यातलेच काही जण विचारतात, "मग आमच्या मुलांनी जायचे कुठे?" प्रश्न खोटा नाही. आंध्र प्रदेशाने अनुसूचित क्षेत्रातील शाळांत शिक्षकांच्या सर्व जागा आदिवासींसाठी राखल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते रद्द केले. अशाने अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीयांचाही वाटा बुडतो, असे न्यायालयाने म्हटले.

परंतु सगळ्या जागा नकोत, म्हणजे एकही नको असे नव्हे. प्रतिनिधित्वाची मागणी बाबासाहेबांनी आपल्याला शिकवली. जे आपल्याला हवे, ते वारली-कातकऱ्यांना नको, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पहिली-दुसरीच्या वर्गाला मुलांची बोली जाणणारा शिक्षक मिळावा, ही मागणी आपणही लावून धरावी. पाड्यावरच्या बारावी झालेल्या मुला-मुलींना शिक्षक पदविकेचा अर्ज भरायला, फी जमवायला हात द्यावा. आणि आपले जे बंधू-भगिनी तिथे शिकवतात, त्यांनी आयाबायांकडून रोज चार वारली शब्द शिकावेत. वर्गाबाहेर बसवलेल्यांची आपण नातवंडे-पतवंडे आहोत. आत येऊनही मुके राहिलेले मूल आपल्याला ओळखता आले पाहिजे.