आयर्विनला किती फूट?

साताऱ्यात पाऊस लागला की आमच्या घरी भजी होतात आणि तिकडे सांगलीत ताई आयर्विन पुलाची पातळी बघायला लागते. कोयना धरणातून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि पुढे तिच्या गल्लीपर्यंत येऊ शकतं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. लग्नानंतर हे आकडे तिला पाठ झालेत.

ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ताई सासूबाईंना घेऊन मिरजेला नातेवाइकांकडे गेली होती. रोज फोनवर एकच वाक्य, "आम्ही बरे आहोत." फोन ठेवला की आई म्हणायची, "ती खंबीर आहे गं." आमच्या घरात हे लहानपणीच ठरलंय. ताई खंबीर, मी रडूबाई.

पण ताई मला विचारत होती, आपल्या जुन्या कपाटाची किल्ली कुठंय? आजीच्या त्या साडीचा रंग कोणता होता? घाबरली की तिला अशाच जुन्या गोष्टी आठवतात. दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्रीही तिचं हेच चाललेलं. मी विचारलं, "ताई, झोप लागते का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चार दिवस नाही."

केनेथ सॅवित्स्की आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली एक निष्कर्ष मांडला होता. जवळच्या माणसाला आपलं बोलणं जितकं कळतं, त्यापेक्षा जास्त कळलं असं आपण धरून चालतो. परक्याला आपण नीट समजावून सांगतो. घरच्यांना मात्र 'तुला माहितीये ना' एवढ्यावर सोडून देतो. ताईला वाटत होतं, आवाजावरून आईला कळेल. आईला वाटत होतं, लेकीला मी ओळखते.

'खंबीर' हा कौतुकाचाच शब्द आहे. पण तो एकदा चिकटला की त्या माणसाला पुढे कुणी काही विचारत नाही.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा चढलं, तेव्हा आईनेच फोन लावला. आधी विचारलं, "किती फूट?" मग म्हणाली, "आणि तू कशी आहेस? खरं सांग."

"आई, भीती वाटतेय गं."

दोघी तासभर बोलत बसल्या. रडूबाईचा नंबर अजून यायचाय.