गिटारचे पेडल आणि आमची विहीर

खताचे पोते घरात आणण्याआधी माती तपासून घ्या, हे मी गेली अठ्ठावीस वर्षे गावोगावच्या पारावर आणि देवळात बसून सांगत आलो आहे. झोपेतून उठवले तरी हेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेल. आणि तरीही मागच्या दिवाळीला मीच माती न तपासता खत आणले. खत नव्हे, गिटारचे पेडल आणले. पण चूक तीच. ती चूक दहाजणांना कळलेली बरी, म्हणून लिहितो.

आमचे घर मिरज तालुक्यात. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, नऊ वर्षांपूर्वी गेला. वहिनी आणि तिचा मुलगा, आम्ही, सगळे एकाच घरात, चूलही एकच. दादा शेती सांभाळून लग्नसराईत बेंजो पार्टीत बेंजो वाजवीत असे. पुतण्याकडे तो नाद आला, पण वाद्य बदलले. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आयटीआय करून एका कारखान्यात वायरमन आहे आणि चार मित्रांबरोबर त्याचा छोटा ऑर्केस्ट्रा आहे. मला तो तात्या म्हणतो.

इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचे पोट नसते. साध्या गिटारला लाकडाची पोकळ पेटी असते, तीत आवाज घुमतो. हिचे लाकूड भरीव. तारेखाली चुंबक बसवलेले असतात, ते तारेचे कंप विजेत बदलतात आणि ती वीज वायरने अॅम्प्लिफायरमध्ये जाते. गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये पायाने दाबायच्या लहान धातूच्या डब्या जोडतात. त्यांना पेडल म्हणतात. एखादे पेडल आवाज खरखरीत करते, एखादे लांबवते. आवाजाला घुमारा देणारे असते ते रिव्हर्बचे.

दिवाळीआधी एके संध्याकाळी पुतण्या माझ्या पत्नीला सांगत होता, "काकू, गिटारीचा आवाज लई कोरडा येतोय. एक रिव्हर्बचं पेडल घ्यायला पाहिजे. पैसे साठवाय लागलोय."

मी ओसरीवर होतो. कानावर आले. मनात म्हटले, बिनबापाचे पोर, कधी काही मागत नाही. आपणच आणून द्यावे. पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी शहरात गेलो, तेव्हा वाद्यांच्या दुकानात शिरलो आणि म्हणालो, "रिव्हर्बचे चांगल्यातले चांगले पेडल द्या." दुकानदाराने अकरा प्रकारचे आवाज असलेले पेडल काढले. चौदा हजार रुपये मोजले. पिशवीवरचे चित्र बघून बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याला मी किती वेळा रागावलो असेन! त्या दिवशी माझ्या हातातही चित्राचीच पेटी होती.

पाडव्याला त्याच्या हातात दिले. पोरगा पाया पडला. "लई भारी आहे, तात्या," म्हणाला.

तुळशीचे लग्न झाले आणि सराई सुरू झाली. जवळच्या गावात मंगल कार्यालयात त्यांचा कार्यक्रम होता. कौतुकाने मीही गेलो. वर पत्र्याचे छप्पर, खाली फरशी, चारी बाजूंना गुळगुळीत भिंती. पंगत बसल्यामुळे निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मी हौसेने त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "तो मोठ्या हॉलचा आवाज लाव की!" त्याने एकदा माझ्याकडे बघितले आणि लावला. गाणे सुरू झाले आणि सगळा गाळ झाला. एक सूर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर पडत होता. गाणाऱ्याचे शब्द कळेनात. मागून कोणीतरी ओरडले, "अरे, काय गाताय?" पोराची मान खाली गेली.

घरी आल्यावर कोणी काही बोलले नाही. सकाळी वहिनींनी चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भावजी, राग मानू नका. ते पेडल त्याला नको हुतं. आणलं त्या दिवशी जुन्या अडॅप्टरवर लावलं तर नुसतं गुणगुणाय लागलं. पगारातनं नवा अडॅप्टर आणला त्यानं, तुम्हाला कळू दिलं नाही." मग थोडे थांबून म्हणाल्या, "त्याचा बा असता तर तोंडावर म्हणाला असता, हे नको म्हणून. तुमच्यापुढं म्हणत नाही."

तो चहा मला गोड लागला नाही. नऊ वर्षे मी समजत होतो, पोरगा गुणी आहे, कुठलीच कुरकूर करत नाही. तो मिंधेपणाने गप्प असेल, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

रविवारी मी वही घेऊन त्याच्यापुढे बसलो. म्हटले, "शेतकऱ्याला विचारतो तसे विचारतो. मला यातले काही कळत नाही. तू सांग, मी लिहून घेतो." आधी तो लाजला, मग बोलू लागला. त्याला इतके माहीत आहे, हे मला माहीत नव्हते. त्याने सांगितले आणि नंतर मी वाचले, ते थोडक्यात असे.

मोकळ्या रानात हाक मारली तर ती निघून जाते. बंद जागेत मात्र ती भिंतींवर आपटून परत येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. भिंत सतरा मीटर किंवा त्याहून लांब असेल तर परत आलेला आवाज कानाला वेगळा कळतो, तो प्रतिध्वनी. विजापूरच्या गोल घुमटात आपण सर्वांनी तो ऐकलेला असतो. भिंती जवळ असतील तर शेकडो परतलेले आवाज मूळ आवाजात मिसळतात आणि त्याला शेपटी फुटते. ही शेपटी म्हणजे रिव्हर्ब.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहात व्याख्यात्याचे बोलणे कळत नसे. १८९५ साली वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवले गेले. त्याने रात्रीच्या शांततेत जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून खुर्च्यांवर मांडल्या आणि दर वेळी शेपटी किती वेळ टिकते, ते मोजले. गाद्या वाढल्या तशी शेपटी आखूड झाली. गाद्या जे करतात तेच माणसे आणि त्यांचे कपडे करतात. आमच्या कार्यक्रमात माणसे पंगतीला गेली होती आणि पत्रा रिकाम्या खुर्च्यांवर घुमत होता. त्या जागेत आधीच घुमारा होता, त्यात मी आणखी ओतायला लावला. पाणथळ रानाला पाणी पाजण्याचाच हा प्रकार.

हा घुमारा खोलीशिवाय तयार करण्याच्या युक्त्याही निघाल्या. हॅमंड ऑर्गनमध्ये त्यासाठी स्प्रिंगा बसवीत. एका टोकाला आवाजाचे कंप द्यायचे, ते स्प्रिंगेतून पुढे-मागे धावत राहतात आणि दुसऱ्या टोकाला उचलून घ्यायचे. फेंडर कंपनीने १९६१ साली गिटारसाठी अशी वेगळी पेटी काढली आणि १९६३ साली अॅम्प्लिफायरमध्येच स्प्रिंगा घातल्या. जर्मनीत १९५७ साली टांगलेल्या मोठ्या पोलादी पत्र्यावर हेच साधले होते. ते यंत्र अडीचशे किलोच्या वर भरे. पुढे हे काम आकडेमोडीने होऊ लागले आणि १९८७ साली बॉस कंपनीचे डिजिटल रिव्हर्बचे पेडल आले. म्हणून आजच्या पेडलवर स्प्रिंग, प्लेट, रूम, हॉल अशी नावे असतात. ती त्या जुन्या स्प्रिंगांची, पत्र्यांची आणि खोल्यांचीच नावे आहेत.

आपल्याकडे ही अक्कल जुनीच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या सतारीत वाजवायच्या तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. त्यांना सहसा हात लावत नाहीत. वरचा सूर लागला की त्या आपोआप बोलतात. सतारीने आपला घुमारा पोटातच बाळगला आहे.

मग आम्ही माती परीक्षणासारखा तक्ता केला. पहिला प्रश्न, आपल्याकडे आधी काय आहे? अॅम्प्लिफायरमध्ये रिव्हर्ब असेल तर वेगळे पेडल कदाचित लागणारही नाही. त्याच्यात नव्हता. दुसरा, वाजवायचे कुठे? उघड्या पटांगणात घुमारा जास्त लागतो, पत्र्याखाली नावापुरता. म्हणजे मूळ आवाज किती आणि घुमारा किती, हे ठरवणारे मिक्सचे बटण आणि शेपटीची लांबी ठरवणारे डिकेचे बटण, ही दोन चटकन हाताशी हवीत. अकरा प्रकार असले तरी अंधाऱ्या स्टेजवर वाकून कोण शोधणार? तिसरा प्रश्न विजेचा. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मधल्या भागाला ऋण टोक असते; पण अडॅप्टर घेण्याआधी पेडलवरची खूण बघावी, उलटे टोक लागले तर पेडल जळू शकते. मिलिअँपिअर तर बघावेतच. मी आणलेल्याला तीनशे लागत होते, जुना अडॅप्टर शंभरचा होता. पाच अश्वशक्तीची मोटर बारीक वायरवर चालवल्यासारखे ते.

चौथा प्रश्न क्रमाचा. खरखर करणारे डिस्टॉर्शनचे पेडल आधी, रिव्हर्ब शेवटी. उलट केले तर शेपटीचीही खरखर होते. नांगरट आधी आणि कुळवणी नंतर, तसे हे. अॅम्प्लिफायरचीच खरखर वापरणाऱ्याने त्याच्या मागे इफेक्ट्स लूपची जागा असल्यास रिव्हर्ब तिथे जोडावा. आणि पाचवे, पायाने बंद केल्यावर शेपटी तुटते की विरत जाते, हे वाजवून बघावे.

इतके लिहून झाल्यावर मी विचारले, "पण तुला आवाज हवाय कसा?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तात्या, आण्णा विहिरीच्या पायऱ्यांवर बसून बेंजो वाजवायचे बघा. तसा."

दादाला तो आण्णा म्हणे. संध्याकाळी मोटर बंद झाली की दादा खरेच खाली उतरून बसायचा, आणि वर बांधावर ऐकणाऱ्याला वाटे, विहीरच वाजते आहे. मी ते विसरलो होतो. तेव्हा दहा-बारा वर्षांचे असलेले हे पोर विसरले नव्हते.

मी आत जाऊन टेप आणला. आम्ही दोघे विहिरीवर गेलो आणि मोजले. आतून रुंदी नऊ मीटर भरली. जाऊन-येऊन अठरा मीटर. म्हणजे समोरच्या दगडी बांधकामावरून आवाज परत यायला सेकंदाचा साधारण विसावा भाग. ही मूळ सुरानंतरची फट असते ना, तिलाच पेडलवर प्री-डिले म्हणतात, असे पुतण्याने सांगितले. वही गुडघ्यावर ठेवून त्याने लिहिले: 'रूम, पन्नास मिलिसेकंद, शेपटी आखूड.' दादाची विहीर त्या तीन शब्दांत बसेल की नाही कोण जाणे, पण पोराला काय हवे ते आता कागदावर होते.

माझे पेडल एका कीबोर्ड वाजवणाऱ्याने तीन हजार कमी देऊन घेतले. तेवढी माझी फी समजलो. पुढच्या रविवारी आम्ही दोघे मिळून दुकानात गेलो. त्याने स्वतःची गिटार आणि स्वतःचा अॅम्प्लिफायर नेला होता, कारण दुकानातल्या महागड्या अॅम्प्लिफायरवर सगळेच गोड वाजते. तीन-चार हजारांपासून चाळीस हजारांपर्यंतची पेडले तिथे होती. तो एकेक लावून बघू लागला. तास गेला, दीड तास गेला. मी कंटाळलो. एक बरेसे, सात हजारांचे, चकचकीत निळे पेडल उचलून म्हणालो, "हे घे की. चांगले दिसते आणि बसतेही खिशाला."

त्याने मानही वर केली नाही. म्हणाला, "तात्या, हे नको. ह्याला प्री-डिले नाही. तुम्ही जरा तिकडं बसा बघू."

मी तिकडे जाऊन बसलो. दुकानदाराला वाटले असेल, म्हातारा रुसला. मी रुसलो नव्हतो. दुकानातल्या स्टुलावर इतक्या समाधानाने मी यापूर्वी कधी बसलो नव्हतो.