खोडदची दुर्बीण आणि आमची चूक

फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघून आम्हीं सकाळींच नारायणगाव गाठलें. बरोबर घरचीं सात माणसें आणि काकूंच्या गुळपोळ्यांचा डबा. तेथून पूर्वेस वळून कांहीं अंतर गेलों, तोंच शेतांच्या मधोमध महाकाय परडीसारखी पहिली तबकडी दृष्टीस पडली.

खोडदची ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास सामान्य जनांस पाहावयास मिळते. १९२८ सालीं २८ फेब्रुवारीस रामन् परिणामाचा शोध लागला; त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस पाळतात. प्रो. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या या तबकड्या तीस, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढें थोरलें पात्र वाऱ्यांत टिकतें कसें? तर त्याचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे. वारा जाळींतून निघून जातो. लांब रेडिओलहरींस मात्र तीच जाळी आरशासारखी परतविते.

आतां आमच्या येण्याचें खरें कारण. मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ पासून चालू आहे. केतकरांच्या ज्ञानकोशासारखें त्यास संपादकमंडळ नाहीं. ज्यास जें ठाऊक, त्यानें तें विनावेतन लिहावें. आम्हींही खोडदविषयीं चार ओळी लिहिल्या होत्या, आणि ती जागा कुटुंबास दाखवावी असा थोडा अभिमान मनांत होता, हें कबूल केलें पाहिजे.

प्रदर्शनाच्या मांडवांत एका शाळेच्या तक्त्यापुढें आम्ही थबकलों. ‘तीसही तबकड्या खोडद येथें आहेत,’ असें त्यावर सुबक अक्षरांत लिहिलें होतें. वाक्य आमचेंच! आणि तें चुकीचें. चौदा तबकड्या खोडदजवळ सुमारें एक चौरस किलोमीटरांत आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर पसरल्या आहेत, इतक्या कीं दोन तबकड्यांमधील अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातें. सारी करामत या अंतरांतच आहे. दूरदूरचे संकेत एकत्र जुळविले म्हणजे तेवढ्या रुंदीच्या दुर्बिणीइतका बारीक तपशील हातीं येतो. आम्हीं नेमकें तेंच गाळलें होतें.

“बाळ, हें कोठून घेतलेंस?” आम्हीं हळूच विचारलें.

“ज्ञानकोशातून, काका,” तेथें उभी असलेली मुलगी म्हणाली. “मला खरं वाटेना. माझ्या मामाच्या रानाशेजारी एक तबकडी आहे, आणि मामाचं गाव इथून लांब. पण कोशात लिहिलेलं चुकीचं कसं असेल?”

परीक्षक दोन तक्ते अलीकडे येऊन ठेपले होते. गप्प राहिलों असतों तरी कोणास कळलें नसतें. पत्नीनें मात्र आमच्याकडे पाहिलें.

“तें वाक्य आम्हींच लिहिलें. तुझें म्हणणें बरोबर आहे,” असें सांगून टाकलें. मुलगी क्षणभर पाहतच राहिली. मग तिनें दप्तरांतून डिंक व कागदाची पट्टी काढून त्या ओळीवर चिकटविली, आणि मामाच्या गावापासून आरंभ करून परीक्षकांस तिन्ही भुजा समजावूं लागली.

त्या आवारांत भ्रमणध्वनी बंद ठेवावे लागतात. त्यांच्या लहरींत आकाशांतून येणारा क्षीण संकेत बुडून जातो. त्यामुळें कोशांतील दुरुस्ती रात्रीं घरीं पोहोंचल्यावरच झाली. ती होईपर्यंत आम्ही पानावर बसलों नाहीं. काकूंना आमटी दुसऱ्यांदा गरम करावी लागली.